काचपट्टी : आई ओ, बाबा ओ, मग मुलगी ए कशी?

(रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत आणि रक्तपेढीत उभी नोकरी केलेल्या एक निवृत्त तंत्रज्ञ या सदरात शाळकरी वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं देतात.)

प्रश्न : आनुवंशिकतेचा धडा चालू असताना सरांनी सगळ्यांना घरच्यांचे रक्तगट लिहून आणायला सांगितले. माझ्या मैत्रिणीचे आई-बाबा दोघंही ओ आहेत आणि ती ए आहे. सर म्हणाले, असं होऊच शकत नाही. वर्ग हसला. ती दोन दिवस शाळेत आली नाही. खरंच असं होऊ शकत नाही का?
(इयत्ता दहावी, बार्शी)

उत्तर : होऊ शकतं. हे तिला आजच जाऊन सांग, बाकीचं सावकाश वाच. कोणत्या गटांच्या आई-बाबांना कोणत्या गटाचं मूल होऊ शकतं ते दाखवणारी, सरांनी फळ्यावर काढलेली चौकट बरोबरच आहे. पण वर्गातल्या मुलांची घरं त्या चौकटीत बसवून बघण्याचा उद्योग कुणी करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. नुसत्या रक्तगटावरून कोण कुणाचं मूल हे ठरवता येत नाही.

आता कारणं. माझा पहिला संशय तिच्या आई-बाबांवर नाही, कार्डावर आहे. रक्तगट शिबिरात काय चालतं ते मी आयुष्यभर बघितलंय. टाइलवर अँटी-एचा (ए रक्ताच्या गुठळ्या करणाऱ्या द्रवाचा) निळा थेंब, तसाच बीसाठी अँटी-बीचा पिवळा थेंब, प्रत्येकात बोटाचं रक्त मिसळायचं, टाइल हलवायची आणि गुठळी होते का बघायचं. काम दोन मिनिटांचं. पण रांग लांब असते, पंखा जोरात असतो, थेंब कडेनं वाळायला लागतो आणि वाळलेली कड हुबेहूब गुठळीसारखी दाणेदार दिसते. झाला ओचा ए! नाही तर दोन कार्डांची अदलाबदल होते. नाही तर आईचा गट तिच्या बाळंतपणाच्या जुन्या कागदावरून कुणीतरी तोंडी सांगितलेला असतो. जन्मतःच केलेली तपासणी तर मी कच्चीच धरते. बाळाच्या रक्तकणिकांवरचे ए आणि बी प्रतिजन, म्हणजे गट ठरवणाऱ्या खुणा, तेव्हा पुरेसे ठळक झालेले नसतात आणि त्याचे स्वतःचे प्रतिपिंड, म्हणजे परक्या खुणांना चिकटणारी प्रथिनं, तयार व्हायला चार-सहा महिने जातात.

म्हणून पहिलं काम म्हणजे तिघांचीही तपासणी रक्तपेढीत नळीत करून घ्यायची, आणि दोन्ही बाजूंनी. दोन्ही बाजूंनी म्हणजे कशी, ते पुस्तकात सहसा नसतं. एका बाजूनं तुझ्या रक्तकणिका घेऊन त्यांना माहितीतल्या अँटी-ए, अँटी-बीशी भिडवतात. दुसऱ्या बाजूनं तुझा रक्तद्रव घेऊन त्याला माहितीतल्या ए, बी आणि ओ रक्तकणिकांशी भिडवतात. दोन्ही उत्तरं जुळली तरच गट लिहायचा. जुळली नाहीत तर पेन खाली ठेवायचं.

समजा सगळं नीट तपासलं आणि तरी आई ओ, बाबा ओ, मुलगी ए असंच आलं. मग आमच्यासारख्यांचे कान टवकारतात, कारण या गोष्टीचं मूळ मुंबईत आहे. 1952 मध्ये डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात एका नव्या प्रकारच्या रक्ताबद्दल लिहिलं. त्या रक्तकणिकांवर ए नव्हता, बी नव्हता, म्हणजे पहिल्या तपासणीत ते रक्त ओ ठरायचं. पण त्या माणसांचा रक्तद्रव ओ रक्तकणिकांच्याही गुठळ्या करायचा. ओ रक्त सगळ्यांना चालतं असं आपण घोकतो, आणि या माणसांना तेच चालत नव्हतं. जगभर आज त्याला 'बॉम्बे' रक्तगट म्हणतात.

ही भानगड काय आहे? ए आणि बी प्रतिजन रक्तकणिकेवर थेट चिकटत नाहीत. आधी तिथे एच नावाचा पदार्थ लागतो. ए गटाच्या माणसाचं विकर (एन्झाइम) त्या एचवर एक विशिष्ट शर्करा जोडतं, बी गटाचं विकर दुसरी जोडतं आणि ओ गटाचं काहीच जोडत नाही. म्हणजे ओ माणसाकडे नुसता एच असतो. भिंतीत खुंटी आहे, टोपी अडकवलेली नाही, एवढंच. बॉम्बे गटाच्या माणसाच्या भिंतीत खुंटीच नसते. त्याच्याकडे ए विकराचं जनुक अगदी धडधाकट असेल, पण टोपी अडकवणार कुठे? तपासणीत तो ओच दिसतो.

आता तुझ्या मैत्रिणीकडे ये. समज, तिची आई बॉम्बे गटाची आहे आणि तिच्याकडे लपलेलं ए जनुक आहे. ते मुलीला मिळालं. बाबा साधे ओ, त्यांच्याकडून एच तयार करणारं जनुक मिळालं. मुलीच्या रक्तकणिकांवर एच तयार झाला, आईकडून आलेल्या जनुकाला काम मिळालं आणि मुलगी ए झाली. चौकट मोडली नाही. तुम्ही एक चौकट काढली होती, इथे दोन लागतात. एबीओचं जनुक नवव्या गुणसूत्रावर, एचचं एकोणिसाव्या. परीक्षेत मात्र एकच चौकट काढ, गुण तिलाच आहेत.

हा गट दुर्मीळ आहे. भारतात साधारण 10,000 माणसांत एक असं सांगितलं जातं, युरोपात त्याहून फारच कमी. नात्यातली लग्नं जिथे पिढ्यान्‌पिढ्या होतात तिथे तो जास्त सापडतो, कारण एच न बनवणारं जनुक आई आणि वडील दोघांकडून यावं लागतं. म्हणून कार्ड चुकलेलं असण्याची शक्यता आजही मी कितीतरी जास्त धरते. पण मैत्रिणीची आई खरंच बॉम्बे गटाची निघाली, तर ते कळलेलं फार बरं. तिला कधी रक्त लागलंच, तर बॉम्बे गटाचंच लागेल, आणि ते ऐन वेळी शोधत बसणं म्हणजे काय असतं हे रक्तपेढीत रात्रपाळी केलेल्या कुणालाही विचार.

प्रश्न : लाल रक्तकणिकेत केंद्रक नसतं. मग तिला पेशी का म्हणायचं?
(इयत्ता आठवी, दापोली)

उत्तर : कारण ती जन्मली तेव्हा तिच्यात केंद्रक होतं. अस्थिमज्जेत वाढता वाढता ती ते बाहेर टाकते आणि शेजारच्या भक्षक पेशी ते गिळून टाकतात. तंतुकणिका, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणारे भाग, त्याही जातात. उरते ती हिमोग्लोबिनने भरलेली, दोन्ही बाजूंनी दबलेली चकती, जी स्वतःपेक्षा बारीक केशवाहिनीतून अंग मुडपून निघून जाते. किंमत अशी, की दुरुस्ती करता येत नाही. साधारण 120 दिवसांत ती संपते आणि तुझ्या अस्थिमज्जेला दर सेकंदाला वीस लाखांहून अधिक नव्या कणिका तयार कराव्या लागतात. बेडकाच्या आणि कोंबडीच्या लाल कणिकांत केंद्रक असतं. कोंबडीच्या रक्ताची काचपट्टी कधी मिळाली तर जरूर बघ.

प्रश्न : मला सर्दी झाली की बाबा मेडिकलमधून अँटिबायोटिक आणतात आणि तीन दिवसांत मला बरं वाटतं. पण पुस्तकात लिहिलंय की प्रतिजैविकं विषाणूंवर चालत नाहीत. मग मला बरं कसं वाटतं?
(इयत्ता नववी, लातूर)

उत्तर : बाबा गोळी कितव्या दिवशी आणतात? पहिल्या दिवशी आपण म्हणतो, होईल बरं. दुसऱ्या दिवशी वाफ. तिसऱ्या-चौथ्या दिवशी नाक अगदीच चोंदलं की बाबा उठतात. तोवर तुझ्या शरीराने निम्मी लढाई मारलेली असते. साधी सर्दी आठवडाभरात आपली आपण जाते, पण श्रेय शेवटी आलेल्या गोळीला मिळतं. गोळी न घेता पुढच्या सर्दीला किती दिवस लागतात हे वहीत लिहून ठेव. तुझं पुस्तक खरं की बाबा, ते तुझं तुलाच दिसेल. (ताप चढला, छाती दुखली, धाप लागली तर वही बाजूला ठेवून डॉक्टर.)

पुस्तकातलं ते वाक्य पाठ करण्यापेक्षा त्याचं कारण बघ. जीवाणूला पेशीभित्तिका असते, आपल्या पेशींना नसते. पेनिसिलीन ती भित्तिका नीट बांधू देत नाही, म्हणून जीवाणू फुटतो आणि आपल्या पेशींचं काही बिघडत नाही. दुसरी काही प्रतिजैविकं जीवाणूच्या रायबोझोमवर, म्हणजे प्रथिनं बनवणाऱ्या यंत्रांवर, बसतात, कारण ते आपल्यापेक्षा वेगळ्या घडणीचे असतात. विषाणूकडे भित्तिकाही नाही आणि स्वतःचं रायबोझोमही नाही. गोळी बिचारी मारणार कुणाला? पण ती रिकाम्या हाती परत जात नाही. तुझ्या आतड्यात निरुपद्रवी जीवाणूंची मोठी वस्ती आहे, तिथे ती हात चालवते. जे जीवाणू त्या मारातून तगतात ते वाढतात आणि पुढच्या वेळी तीच गोळी त्यांच्यावर लागू पडत नाही.

हे मी ऐकीव सांगत नाही. लघवीचा नमुना आला की आम्ही तो अगारच्या थाळीत लावायचो. अगार म्हणजे तुमच्या घरी पुडिंगमध्ये घालतात तो चायना ग्रास. जर्मनीत रॉबर्ट कॉखच्या प्रयोगशाळेत आधी जिलेटिन वापरायचे, पण जीवाणू ज्या उबेत वाढवायचे त्या उबेत ते वितळून जायचं. फॅनी हेसे या बाईंनी स्वयंपाकघरातला अगार सुचवला, 1881च्या सुमारास, आणि तो आजतागायत चालू आहे. बाईंचं नाव पुस्तकात क्वचितच असतं, म्हणून इथे मुद्दाम घातलं.

तर थाळीत ई. कोलाय नावाचे जीवाणू उगवले की ते दुसऱ्या थाळीवर सारखे पसरायचे आणि वर प्रतिजैविकांच्या छोट्या गोल चकत्या ठेवायच्या. रात्रभर 37 अंशांना. सकाळी बघायचं, की जी चकती काम करते तिच्याभोवती जीवाणू वाढलेले नसतात, स्वच्छ वर्तुळ दिसतं. ते वर्तुळ पट्टीनं मिलिमीटरमध्ये मोजायचं. नोकरीच्या सुरुवातीला ज्या चकत्यांभोवती मी मोठी वर्तुळं मोजली, त्यांतल्या काहींभोवती निवृत्तीच्या सुमारास वर्तुळच उरलं नव्हतं. चकतीच्या कडेला टेकून जीवाणू मजेत वाढलेले. हा धोका अलेक्झांडर फ्लेमिंगने 1945 साली नोबेलच्या भाषणातच सांगून ठेवला होता, की अपुऱ्या मात्रेत पेनिसिलीन दिलं तर जीवाणू त्याला दाद देईनासे होतील.

आणि हो, ई. कोलायला शिव्या देऊ नकोस. तुझ्या आतड्यात तो आहेच, तिथे तो जीवनसत्त्व के तयार करायला हातभार लावतो. तोच मूत्रमार्गात चढला की जळजळ आणि थंडी-ताप. जंतू चांगला की वाईट, या प्रश्नाला उत्तर नाही. कोणता, कुठे आणि किती, हे विचारलंस तर आहे.

घरी एक काम कर. औषधांच्या डब्यातल्या पाकिटांवर उभी लाल रेघ कुठे कुठे आहे ते बघ. ती रेघ असलेलं औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घ्यायचं नसतं. बाबांना पाकीट दाखव, माझं नाव सांगू नकोस.

प्रश्न : गल्लीतलं कुत्रं माझ्या भावाला चावलं. शेजारच्या आजोबांनी जखमेत तिखट आणि चुना भरला. आईने दवाखान्यात नेलं तर तिथे आधी साबणाने जखम धुवायला लावली. एवढ्या भयंकर रोगाला साबण? आणि पोटात चौदा इंजेक्शनं घ्यावी लागतात का?
(इयत्ता सातवी, जत)

उत्तर : आईने झकास काम केलं. दवाखान्यानेही.

रेबीजचा विषाणू चाव्याबरोबर लाळेतून जखमेत येतो. तो रक्तातून धावत मेंदूत जात नाही. आधी जखमेजवळच्या स्नायूत असतो, मग चेतातंतूत शिरतो आणि त्या वाटेनं हळूहळू मेंदूकडे सरकतो. या प्रवासाला बहुतेक वेळा एक ते तीन महिने लागतात, कधी त्याहून कमी. म्हणजे सुरुवातीला तो जखमेतच आहे, हाताशी आहे. या विषाणूच्या अंगावर स्निग्ध पदार्थाचं आवरण असतं आणि साबण तेच फोडतो. वाहत्या पाण्याखाली, साबण लावून, घड्याळ बघून 15 मिनिटं. लोक दोन मिनिटांत आटपतात, ते पुरत नाही. तिखट-चुन्याने जखम आणखी चिघळते आणि धुण्याचा मोलाचा वेळ जातो. आजोबांवर रागावू नकोस, त्यांच्या लहानपणी हेच करत असतील. पण पुढच्या वेळी त्यांच्या हातातून डबी काढून घे.

धुणं पुरेसं नाही, लस हवीच. लस दिल्यावर शरीराला प्रतिपिंड तयार करायला आठवडा-दोन आठवडे लागतात. विषाणू सावकाश चालतो म्हणूनच चावल्यानंतर दिलेली लसही त्याच्या आधी पोहोचते. बहुतेक रोगांत ही सवलत नसते. जखम खोल असेल, रक्त आलं असेल, तर तोवरच्या दिवसांसाठी जखमेत तयार प्रतिपिंडही टोचतात, त्याला इम्युनोग्लोब्युलिन म्हणतात. एकदा रोगाची लक्षणं दिसू लागली, की माणूस वाचणं जवळजवळ अशक्य.

पोटातली इंजेक्शनं हा इतिहास झाला. 1911च्या सुमारास डेव्हिड सेम्पल यांनी हिमाचलातल्या कसौलीला बनवलेली, जनावराच्या मेंदूपासून तयार होणारी लस आपल्याकडे दशकानुदशकं पोटावर टोचत. भारतात तिचं उत्पादन 2004च्या अखेरीस थांबलं. आता पेशी वाढवून त्यांत तयार केलेली लस असते आणि ती दंडावर देतात. त्वचेत द्यायची असेल तर 0, 3, 7 आणि 28व्या दिवशी, स्नायूत द्यायची असेल तर 14वा दिवसही असतो. शून्य म्हणजे पहिलं इंजेक्शन घेतलं तो दिवस. भावाच्या कागदावर या तारखा असतील, त्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर तू लिहून ठेव. दोन इंजेक्शनं झाली, जखम भरली, की पुढचं सोडून देणारी माणसं मी फार बघितली आहेत.

पाश्चरने 1885 मध्ये योसेफ माइस्टर या नऊ वर्षांच्या मुलाला जी लस दिली, ती ज्या विषाणूविरुद्ध होती तो पाश्चरला कधीच दिसला नव्हता. साध्या सूक्ष्मदर्शकात तो दिसतच नाही, इतका लहान.

प्रश्न : जुलाब झाले की आजी साखर-मीठ-पाणी देते. शरीरातून मीठ आणि पाणी जातं म्हणून ते कळलं. पण साखर कशाला? चवीला?
(इयत्ता नववी, भद्रावती)

उत्तर : आजीही बहुधा म्हणेल, ताकद यावी म्हणून. खरं कारण आतड्याच्या अस्तरात आहे. तिथल्या पेशींवर एक प्रथिन असतं, ते साखरेतलं ग्लुकोज आणि मिठातलं सोडियम दोघांना जोडीनंच आत घेतं. ही जोडी आत गेली की तिच्यामागे पाणी जातं. कॉलरात बाकीच्या व्यवस्थेची दाणादाण उडते, पण हे प्रथिन काम करत राहतं. साखर त्याच्यासाठी. नुसतं मीठ-पाणी पाजलं तर ते फारसं शोषलंच जात नाही.

1971 मध्ये बांगलादेशच्या युद्धात पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलरा पसरला आणि सलाइनच्या बाटल्या संपल्या. डॉ. दिलीप महालनोबिस यांनी ग्लुकोज आणि क्षारांचं पाणी पिंपांत कालवलं आणि रुग्णांच्या घरच्यांनाच ते कपाने पाजायला सांगितलं. एरवी अशा परिस्थितीत शंभरातले तीसेक रुग्ण जायचे, तिथे चारच्या आत आले.

एक लिटर स्वच्छ पाणी, सहा सपाट चहाचे चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. पोराला आवडतं म्हणून साखर वाढवू नका, जादा साखर आतड्यात उलट पाणी ओढते आणि जुलाब वाढतात. ओआरएसचं पाकीट मिळालं तर तेच वापरा, त्यात पोटॅशियमही असतं. आणि एका लिटरचं पाकीट असेल तर अख्खं एका लिटरमध्ये. पेल्यात चिमूट-चिमूट नाही.

प्रश्न : आमच्या शाळेला एका माजी विद्यार्थ्याने सूक्ष्मदर्शकासाठी पैसे दिलेत. जीवाणू दिसतील असा कोणता घ्यावा?
(इयत्ता नववीचा वर्ग, कणकवली)

उत्तर : 10, 40 आणि 100च्या वस्तुभिंगांचा साधा दिव्याचा घ्या. कॅमेरा-बिमेरा नको, त्या पैशात काचपट्ट्या, आच्छादक काचा आणि मिथिलीन ब्लू या निळ्या रंगाची बाटली येईल. सगळ्या वर्गाला हाताळायला हवा असेल तर सोबत काही फोल्डस्कोप घ्या. कागदाचा घडीचा सूक्ष्मदर्शक असतो तो, मनू प्रकाश यांच्या गटाने बनवलेला, साधारण 140 पट मोठं दाखवतो.

जीवाणूंच्या मागे लगेच लागू नका. आधी दातकोरणीच्या बोथट टोकाने गालाच्या आतून हलकेच खरवडा, काचपट्टीवर पाण्याच्या थेंबात मिसळा, मिथिलीन ब्लूचा थेंब टाका, वर काच ठेवा. दातकोरणी प्रत्येकाची वेगळी आणि वापरली की टोपलीत. 40च्या भिंगाखाली फिकट निळ्या पसरट पेशी आणि त्यांत गडद केंद्रक दिसेल. मग नीट बघा, त्या पेशींवर बारीक निळे ठिपके असतील. ते तुमच्या तोंडातले जीवाणू.

ते आणखी मोठे बघायचे असतील तर नमुना वाळवून, ज्योतीवरून हलकेच फिरवून पक्का करायचा, रंगवायचा आणि 100चं भिंग तेलाच्या थेंबात बुडवून बघायचं. ताकाचा नमुनाही असाच करता येतो, दंडगोल आणि साखळ्या दिसतात. 40चं भिंग चुकूनही तेलात जाऊ देऊ नका. आणि काम झालं की 100चं भिंग लेन्स पेपरने पुसायचं, शर्टाच्या टोकाने नाही.